दिवा आणि पंखा, एकाच बटणावर

खोली बघायला गेले तेव्हा आबांनी मला पगार किती, गाव कुठलं, लग्न कधी, यातलं काहीएक विचारलं नाही. दारातच उभं करून त्यांनी एकच प्रश्न केला.

"पोरी, अंधाराचं भ्या वाटतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मग ऱ्हा."

मला वाटलं, तुंगार्लीत सारखे दिवे जात असतील, म्हणून म्हातारा काळजीनं विचारतोय. सामान हलवून दोन दिवस झाले आणि कळलं, की दिवे जात नाहीत, आबा घालवतात.

आबा म्हणजे माझे घरमालक. मूळचे औंढ्याचे. शेती भावांच्या हवाली करून रेल्वेत लागले, विजेच्या खात्यात वायरमन म्हणून नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर तुंगार्लीत, तळ्याच्या खालच्या अंगाला बांधलेल्या घरात येऊन राहिले. घरात ते आणि त्यांची बायको. तिला सगळे मावशी म्हणायचे. नवरा आबा आणि बायको मावशी, हे कुठल्याच नात्यात बसत नव्हतं, पण सगळी आळी तसंच म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. माडीवरची खोली माझी. न्हाणी तिघांत एकच, परसात, घराच्या मागच्या भिंतीला टेकलेली. मी लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर होते.

आजूबाजूला सगळे बंगले. मालक मुंबईत आणि दिवे लोणावळ्यात, अशी तिथली पद्धत. रिकाम्या बंगल्यांच्या फाटकांवर, झाडांच्या बुंध्यांवर, पोहण्याच्या तलावांच्या तळाशी रात्रंदिवस दिवे जळायचे आणि त्या झगमगाटाच्या मधोमध आबांचं घर काळंकुट्ट. माझ्याकडे येणाऱ्यांना पत्ता सांगायला मात्र फार सोपं पडे. जिथे उजेड संपेल तिथे थांबा, असं मी सांगायची.

यात पैशाचा काही संबंध नव्हता. आबांना पेन्शन होती आणि बिल त्यांनी कधी धड वाचलंही नसेल. त्यांचा हिशोब पाण्याचा होता. मी एकदा दिवा चालू ठेवून खाली आले तर त्यांनी मला जिन्यातच अडवलं.

"आपल्या डोंगरावरचं पानी खाली कोकनात पाडत्यात, तवा तुजा दिवा लागतो. ठावं हाय का?"

"हो, शाळेत होतं."

"मग? वर कुनी न्हाई आन दिवा चालू. म्हंजी एवढं पानी तू उगाच कोकनात पाडलंस."

मी निमूट वर गेले आणि कोकणात पडणारं पाणी थांबवून आले.

बटणाच्या आवाजावरून त्यांना कुठला दिवा लागला ते कळायचं. मीटर ओट्यावर होता आणि त्याच्यासमोर त्यांची खुर्ची. मीटरमधला तांबडा ठिपका लुकलुकतो, त्याच्या वेगावरून ते घरात काय काय चालू आहे ते सांगत. "आज लय डोळं मिचकावतोय," असं म्हणून ते वर हाक मारायचे, "चार्जर रिकामा लोंबतोय न्हवं?" आणि तो लोंबतच असायचा.

सगळ्यात मोठं पाप म्हणजे दिवसा दिवा लावणं. "सूर्व्या वर कशापाई ठिवलाय?" असं ते विचारायचे. लोणावळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही. त्यावर मावशी चुलीपुढून म्हणायच्या, "कुटं ठिवलाय, दावा तरी." पण हे नुसतं बोलण्यापुरतं. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षं, मावशींनी दिवसा दिवा लावलेला नव्हता. तांदूळ निवडायला उंबऱ्यावर, सुई ओवायला परसात. सुरुवातीला धाकानं केलं असेल. माझ्या वेळेपर्यंत त्याचं व्रत झालं होतं. शेजारणीकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी जाता जाता तिच्या माजघरातला दिवा घालवून यायच्या. "आमच्यात दिसा दिवा न्हाई लावत," असं त्या सांगायच्या, एखाद्या घरात कांदा-लसूण वर्ज्य असावा तसं. त्यात त्यांना केवढा अभिमान होता.

एकदा माझा डबा घरी राहिला. तो द्यायला आबा रिसॉर्टवर आले. भर दुपार. आमच्या लॉबीत छताला चाळीसेक दिवे, भिंतीवरून खोटा धबधबा वाहतोय आणि त्याच्यामागे निळा उजेड. आबा बराच वेळ त्या धबधब्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी दारावरच्या वॉचमनला विचारलं, "ह्येचं बटन कुटं?" अंगात खाकी शर्ट, खिशाला टेस्टर, पायात रबरी बूट. वॉचमनला वाटलं, मॅनेजरनं बोलावलेला इलेक्ट्रिशियन. त्यानं आदरानं नेऊन पॅनेल दाखवलं. मिनिटाभरात लॉबी, कॉरिडॉर आणि मसाजचं दालन अंधारात बुडालं. धबधबा नुसता भिंतीवरून गळणारं पाणी होऊन राहिला. मॅनेजर पळत आला, तर आबा त्याला शांतपणे म्हणाले, "दिसतंय की समदं."

माझी नोकरी जायची, असं मी धरून चालले होते. पण पाहुण्यांना वाटलं, हा काहीतरी कार्यक्रम आहे. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, एका बाईंनी पुढचा शो कधी म्हणून विचारलं. आमच्या मॅनेजरनं पुढच्या शनिवारपासून 'दिव्याविना दुपार' सुरू केली आणि तिच्यासाठी शंभर मेणबत्त्या मागवल्या. आबांना मी हे कधीच सांगितलं नाही.

आता न्हाणीचं सांगते. पावसाळ्यात लोणावळ्यात चपलेला बुरशी येते, तिथे कपड्यांचं काय विचारता. रिसॉर्टचा काळा कोट अंगावर चढवून रोज कामावर जायचं आणि त्याला न्हाणीतल्या ओलीचा वास. पाहुणे चावी घ्यायला वाकायचे आणि पटकन सरळ व्हायचे. न्हाणीला उंचावर एक झडप होती, काचेच्या तिरप्या पट्ट्यांची. तिच्यातून वारा यायचा, पण ओल जायची नाही. मी आबांना म्हटलं, तिथे हवा बाहेर फेकणारा पंखा बसवू या, आणि विनवणीला जोर यावा म्हणून पुढे बोलले, "आमच्या रिसॉर्टमध्ये त्याला वेगळं बटण नसतं. दिवा लावला की पंखा लागतो, घालवला की बंद."

ही कल्पना माझी. हे मी इथे मुद्दाम सांगते आहे.

आबांनी दोन दिवस जाता-येता त्या झडपेकडे बघून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वर आले. त्यांचा चेहरा उजळला होता, आणि ते त्या घरात दुर्मीळ होतं.

"बटन वाढलं की इसरनं वाढतं. एकच बटन ठिवायचं. दिवा गेला की पंखा गेला. पंखा मागं फिरत ठिवून भायेर यायची सोयच न्हाई. तुमच्या हाटेलात कुनी तरी शाना मानूस हाय."

आबांचं काम बघणं हा एक सोहळा असे. रेल्वेत डोक्यावरच्या तारेला हात लावायचा तर आधी ब्लॉक घ्यावा लागतो. म्हणजे वीज बंद झाली, अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंत बंद राहील, असं कंट्रोलनं कळवल्याशिवाय माणूस शिडीवर चढत नाही. घरात कंट्रोल म्हणजे मावशी. आबा न्हाणीत स्टुलावर उभे राहून ओरडले, "कंट्रोल! ब्लॉक द्या!"

मावशी भाकरी थापत होत्या. "दिला!"

"मेन खाली केला का?"

"केला वो!"

"टाइम सांगा!"

"मला काय ठावं? भाकरी उलटायची येळ झालीया."

"आसं न्हाई चालत. टाइम पायजे."

मग मावशी पिठाच्या हातानं उठल्या, घड्याळ बघून आल्या आणि वेळ सांगितली. आबांनी ती चिठ्ठीवर लिहिली आणि चिठ्ठीवर त्यांची सही घेतली. मेन स्विचवर तांबडी पाटी अडकवली, 'माणूस काम करत आहे'. ती पाटी निवृत्तीच्या दिवशी त्यांनी साहेबांकडून मागून आणलेली होती. बाकीचे लोक शाल आणि नारळ घेऊन आले, आबा पाटी घेऊन आले.

त्यांनी दिव्याच्या होल्डरमधून वायर पुढे काढून पंख्याला जोडली. ती पट्टीतून अशी सरळ नेली की भिंतीवर रेघ मारल्यासारखी दिसावी. काचेच्या पट्ट्या काढून झडपेच्या भोकात मधोमध पंखा बसवला आणि उरलेल्या जागेत नवी काच घालून कडेच्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. कामात कुठे फट राहणं त्यांना कमीपणाचं वाटे. पंख्याच्या मागे बाहेरच्या अंगाला पातळ झापडं होती. पंखा फिरला की ती उघडत, थांबला की पडून घट्ट बसत. पाकोळी आत येऊ नये म्हणून.

उद्घाटन मावशींच्या हातून झालं. त्यांनी बटण दाबलं, दिवा लागला, पंखा घरघरला. आबांनी उदबत्ती पेटवून आत धरली. धूर मुकाट्यानं वळून पंख्यातून बाहेर गेला. उदबत्ती दिसल्यावर मावशींनी सवयीनं हात जोडले, आणि मीसुद्धा जोडले. आठवड्यात माझ्या कोटाचा वास गेला आणि मला वाटलं, आपण या घरात काहीतरी चांगलं केलं.

त्याच वर्षी दिवाळीत आबांनी न्हाणीतला विजेचा गीझर काढून टाकला. तो चालू झाला की मीटरचा ठिपका लुकलुकायचा राहत नाही, नुसता पेटतो, ही त्यांची जुनी तक्रार होती. त्याच्या जागी गॅसचा आला. बसवायला आलेला माणूस भला होता. बंद न्हाणीत हा चालतो तेव्हा हवा खेळती पाहिजे, नाहीतर जिवावर बेततं, असं त्यानं बजावून सांगितलं.

"ह्यो काय पंखा," आबा म्हणाले. "दिव्याबरुबर लागतो. इसरायचा सवालच न्हाई."

त्या माणसानं वर बघून मान हलवली. मीही हलवली. कुणालाच त्यात काही खोट दिसली नाही.

मात्र एक गोष्ट बदलली होती. आता दिवा लावला की पंखाही वीज खायचा. त्यामुळे दिव्याचं पाप दुप्पट झालं. "आता येकल्या बटनात दोगं जेवत्यात," असं आबा सांगायचे, आणि मावशी आणखीच जपायच्या. तरी काही बिघडलं नाही, कारण आंघोळी आम्हा तिघांच्याही पहाटे व्हायच्या. तेव्हा सूर्य नसतो, त्यामुळे दिव्याला आबांची परवानगी असे.

संक्रांत होऊन गेली होती. मावशींनी सकाळभर घरातल्या गोधड्या धुतल्या, म्हणून त्या दिवशी त्या उशिरा आंघोळीला गेल्या. माझी दुपारपाळी होती. अकराच्या सुमाराला मी खाली आले तर परसात लखलखीत ऊन, दोरीवर गोधड्या, आणि आबा खुर्ची टाकून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले.

"मावशी कुठंयत?"

"आंगुळीला गेलीया."

न्हाणीत पाणी पडत होतं. बादली भरून वाहत असावी तसा एकसारखा आवाज. मी वर काचेकडे पाहिलं.

"दिवा नाही दिसत. मला वाटलं आत कुणी नाही."

आबा खुलले. खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "दिसा कशाला लागतोय दिवा? चाळीस वर्सांत तिनं कदी दिसा दिवा..."

आणि थांबले.

त्यांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे वर त्या पंख्याकडे गेले. पंख्याची झापडं पडलेली होती. शेंगांचं सूप उलटलं. "अगं ए!" आबा ओरडले. "ए! ऐकू येतंय का?" आतून नुसता पाण्याचा आवाज.

कडी त्यांनीच बसवलेली होती, म्हणजे ती सहज निघणं शक्यच नव्हतं. तिसऱ्या धडकेला दार उघडलं. आत मी आधी गेले. वाफ, गीझरची निळी ज्योत, आणि मावशी बादलीशेजारी भिंतीला टेकून कलंडलेल्या. मी त्यांना लुगड्यात गुंडाळलं. दोघांनी मिळून उन्हात ओढून आणलं. आबांनी सिलिंडर बंद केला आणि मग त्यांना काय करावं ते सुचेना. शिडीवर चढून पंचवीस हजार व्होल्टच्या तारेवर काम केलेला माणूस बायकोचे तळपाय चोळत बसला. मी रस्त्यावर धावले. शेजारच्या बंगल्याच्या माळ्यानं रिक्षा थांबवली.

हॉस्पिटलपर्यंत मावशींचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांचा श्वास चालू होता, एवढंच मी बघत होते. आबा मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते.

"जोड बरुबर हुता न्हवं? तू बगितलावतास न्हवं? जोड बरुबर हुता?"

"बरोबर होता, आबा," मी म्हणत होते. जोड खरंच बरोबर होता. त्या घरात चुकीचं असं काही कुणी जोडलंच नव्हतं. हे मला त्या रिक्षात कळलं. रिसॉर्टमध्ये माणूस भर दुपारीसुद्धा दिवा लावूनच आत जातो. तिथली सोय मी उचलून अशा घरात आणली होती, जिथे दिवा न लावणं हाच धर्म होता.

मावशींना प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, आणखी पाच-सात मिनिटं गेली असती तर सांगता येत नव्हतं. आबा पलंगाशेजारी स्टुलावर बसले. वॉर्डात दुपारी तीन वाजता सगळ्या ट्यूबा जळत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि नजर खाली घेतली.

चारच्या पुढे मावशींनी डोळे उघडले. प्राणवायूचा मास्क हातानं बाजूला केला. आधी त्यांना आबा दिसले आणि नवऱ्याचा चेहरा उतरलेला बघून त्यांना वाटलं असावं, आपल्या हातून काहीतरी नासलं, आता हे रागावणार. घोगऱ्या आवाजात त्या घाईघाईनं म्हणाल्या, "दिवा न्हवता हं लावला म्या."

आबा रडले. शर्टाच्या बाहीनं तोंड झाकून, सगळ्या वॉर्डासमोर, खांदे हलवून रडले. मावशी माझ्याकडे बघून विचारत होत्या, ह्यांना काय झालं. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन उभी राहिले.

पुढे चार महिन्यांनी मला पुण्यात नोकरी लागली आणि ती खोली सुटली. जायचं जायचं म्हणत तीन वर्षं गेली. गेल्या मे महिन्यात एका लग्नासाठी लोणावळ्यात गेले होते, तेव्हा दुपारी वाट वाकडी करून तुंगार्लीला गेले. फाटकातून आत शिरले आणि थबकले. बाराचं ऊन आणि न्हाणीच्या काचेमागे दिवा लागलेला. पंखा घरघरत होता. आबा परसात खुर्चीवर, पण खुर्ची आता मीटरसमोर नव्हती. काचेकडे तोंड करून होती.

मावशी न्हाणीच्या दारात पातेली घेऊन उभ्या होत्या. मला बघून त्यांनी आबांकडे हात केला. "बग बाई, तूच सांग ह्येंना. ग्यास तवाच काढून टाकला. आता पानी आमी परसात बंबात तापवतो. आत काय सुदीक न्हाई. तरी रातध्याड दिवा."

मी दाराबाहेरच्या बोर्डाकडे पाहिलं. बटणच नव्हतं. आबांनी ते उपटून तिथे कोरी पट्टी बसवली होती आणि तारा सरळ जोडून टाकल्या होत्या. पट्टीवर ती तांबडी पाटी लटकत होती, 'माणूस काम करत आहे'.

"आबा," मी म्हटलं, "मग नुसता पंखा सरळ जोडायचा. दिवा कशाला?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. इतके दिवस त्यांच्या घरात राहून मी काहीच शिकले नाही, असं.

"पंखा फिरतोय का न्हाई, त्ये हितनं समजत न्हाई. कान बी गेल्यात आता. दिवा दिसतो. लाइट गेली की दिवा जातो. दिवा गेला की मी उठतो."

"आन उठून काय करतात इचार," मावशी म्हणाल्या आणि पातेली घेऊन आत गेल्या.

ते विचारावं लागलं नाही. आम्ही बोलत होतो, औंढ्याच्या पुतण्यांचं काहीतरी चाललं होतं, आणि काचेमागचा उजेड गेला. पंखा मंदावला. आबा वाक्य अर्धवट टाकून उठले, गुडघ्यावर हात टेकत, पण वयाला न शोभेल अशा घाईनं दारापाशी गेले.

"भायेर ये!"

"आवो, दोनच पातेली ऱ्हायलीत!"

"आदी भायेर ये. ब्लॉक हाय."

मावशी फेसाच्या हातांनी बाहेर आल्या आणि कपाळावरची बट मनगटानं मागे सारत माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. दोघं उन्हात शेजारी शेजारी उभे राहिले. पाचेक मिनिटं गेली. मग काच उजळली, पंखा घरघरला आणि झापडं उघडली.

"जा आता," आबा म्हणाले, आणि खुर्चीवर येऊन काचेकडे बघत बसले.